वर्षभराच्या मुक्कामाला निघण्याआधी

दहा दिवसांच्या सहलीत जे गाव आवडते ते वर्षभर राहायला सोयीचे निघेलच असे नाही. सहलीत दाढ दुखली म्हणून दंतवैद्य शोधावा लागत नाही, घरमालकाशी गिझरवरून हुज्जत घालावी लागत नाही आणि भल्या पहाटे पुण्याच्या ऑफिसची मीटिंगही नसते. लॅपटॉपवर पोट असलेल्यांना आता बरेच देश वर्षभर राहण्याचा रीतसर परवाना देतात. त्यामुळे ‘एक वर्ष कुठेतरी जाऊन राहू या’ म्हणणारे एखादे तरुण जोडपे हल्ली प्रत्येकाच्या नात्यात सापडते. त्यांना बाली किंवा लिस्बन सुचवणारे पुष्कळ भेटतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: तुमचे ऑफिस कोणत्या घड्याळावर चालते?

पुण्या-मुंबईच्या टीमबरोबर काम असेल तर मॉरिशस भारताच्या दीड तास मागे आहे आणि थायलंड दीड तास पुढे. मलेशिया व बाली अडीच तास पुढे. एवढा फरक अंगवळणी पडतो. पोर्तुगाल मात्र उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. म्हणजे पुण्यात सकाळी दहाला सुरू होणाऱ्या मीटिंगला लिस्बनमध्ये डिसेंबरच्या काळोखात साडेचारला उठून बसायचे. आठवडाभर त्याची गंमत वाटेल, महिनाभरात भांडणे सुरू होतील. क्लायंट लंडनचा किंवा बर्लिनचा असेल तर हेच लिस्बन उत्तम. न्यूयॉर्कचा असेल तर बाली विसरा. तिथली सकाळ नऊची वेळ बालीत रात्री नऊ-दहाला येते. मॉरिशसमध्ये ती संध्याकाळी पाच-सहाला येते आणि अख्खी सकाळ समुद्रावर घालवता येते.

दुसरा प्रश्न परवान्याचा. पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप काम करणारे पुष्कळ आहेत. ‘कोण बघतंय?’ हा त्यांचा युक्तिवाद विमानतळावरच्या अधिकाऱ्याने लॅपटॉप आणि परतीचे तिकीट एकदम विचारेपर्यंतच टिकतो. त्या वाटेला जाऊ नका. शिवाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहिलेल्या याद्या आपल्या पासपोर्टला जशाच्या तशा लागू होत नाहीत. जपानने 2024 मध्ये बाहेरच्या देशांतल्या नोकरदारांसाठी सहा महिन्यांचा व्हिसा सुरू केला, त्याचा बराच गाजावाजा झाला, पण पात्र देशांच्या यादीत भारत नाही. क्योटोत वर्षभर राहण्याचे स्वप्न या व्हिसाने पुरे होत नाही.

मॉरिशस

मराठी माणसाला, त्यातही कुटुंबासह जाणाऱ्याला, मी पहिले नाव मॉरिशसचे सांगेन. 2020 मध्ये तिथल्या सरकारने ‘प्रीमियम व्हिसा’ सुरू केला. मुदत एक वर्षाची, ती वाढवून मिळू शकते. मुख्य अट दरमहा किमान 1,500 डॉलर उत्पन्नाची, म्हणजे आजच्या दराने सव्वा ते दीड लाख रुपयांच्या दरम्यान. हे उत्पन्न मॉरिशसच्या बाहेरून यायला हवे आणि तिथल्या नोकऱ्यांत तुम्ही शिरायचे नाही. आरोग्यविमा लागतो, परतीचे तिकीट लागते, अर्ज ऑनलाइन होतो. नवरा-बायको आणि मुले एकत्र जाऊ शकतात. पर्यटक म्हणून जायला भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. म्हणून आधी तीन-चार आठवड्यांची रजा टाकून तिथे राहून या, असे मी आवर्जून सांगतो. रजा म्हणजे रजाच, त्यात ऑफिसचे काम नको. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तासांचे. घरी अडचण आली तर दुसऱ्या दिवशी परत पोहोचता येते. म्हातारे आईवडील मागे असणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

राहायचे कुठे, यावर मात्र विचार करा. जाहिरातींत दिसतात ती ग्राँ बे आणि फ्लिक आँ फ्लाक ही किनाऱ्यावरची गावे. तिथे सजवलेले फ्लॅट मिळतात, भाडे अनेकदा युरोत सांगतात आणि शेजारी पर्यटक असतात. मला स्वतःला मधल्या पठारावरची गावे जास्त पटतात: कात्र बोर्न, रोझ हिल, मोका. राजधानी पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत जाणारी मेट्रो रोझ हिल आणि कात्र बोर्नवरून जाते (ती बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोने). रोझ हिलहून एक फाटा एबेनच्या आयटी वसाहतीकडे जातो. कात्र बोर्नचा बाजार प्रसिद्ध आहे. भाजी ताजी मिळते, कढीपत्ता-कोथिंबीर मिळते, आणि कोपऱ्यावर ‘ढोल पुरी’ विकणारा असतो. ढोल पुरी म्हणजे डाळीचे सारण भरलेली मऊ पातळ पोळी. आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण म्हणा. गुरुवारी दुपारनंतर या गावांतली बरीच दुकाने बंद होतात, तेव्हा गुरुवारची खरेदी सकाळीच उरकावी. क्युरपीप उंचावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे स्वेटर लागतो आणि पाऊस पिच्छा सोडत नाही. कपडे वाळण्यावरून ज्यांची चिडचिड होते त्यांनी पश्चिमेचा तामारें, ब्लॅक रिव्हरकडचा कोरडा पट्टा बघावा. तिथे गाडी मात्र जवळ हवी.

बेट आहे, त्यामुळे आयात केलेल्या वस्तू महाग पडतात. चीज, दुधाचे पदार्थ, इलेक्ट्रॉनिक सामान यांच्या किमती बघून पहिले पंधरा दिवस मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार चालू राहतो. स्थानिक भाजी, बस आणि रस्त्यावरचे खाणे त्या मानाने परवडते. विजेचे सॉकेट इंग्लंडसारखे चौकोनी तीन पायांचेही असतात आणि फ्रान्ससारखे गोल दोन पायांचेही, तेव्हा दोन्ही अडॅप्टर ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. सरकार एक ते चार अशा वर्गांत इशारे देते. तिसऱ्या वर्गाचा इशारा लागला की सगळ्यांनी घरात राहायचे, बस बंद, दुकाने बंद. त्या दिवशी वीज गेली तर तुमची डेडलाइनही गेली, हे ऑफिसला आधीच सांगून ठेवा. पॉवर बँक, पिण्याचे पाणी, दोन दिवसांचा शिधा घरात असावा. औषधांबाबत हा देश फार कडक आहे. झोपेच्या, नैराश्याच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या नेणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी पुरेलच असे नाही. आधी परवानगी लागते का ते विचारून घ्या. आजीने दिलेली मेथीची बी आणि तुळशीचे रोप तर घरीच ठेवा.

आणि तिथे मराठी माणसे आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारी मजूर म्हणून जी माणसे भारतातून नेली गेली, त्यांत कोकणातलेही होते. यांतली बहुतेक माणसे ज्या पायऱ्या चढून बेटावर आली तो पोर्ट लुईचा ‘अप्रवासी घाट’ 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचा विभाग आहे, आणि आपली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. पण म्हणून बाजारात मराठीतून भाव करायला जाऊ नका. घरोघरी बोलली जाते ती क्रिओल, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. चार वाक्ये क्रिओलची शिकून गेलात तर दारे पटापट उघडतात. ‘कि मान्येर?’ म्हणजे ‘कसे काय?’, एवढ्यानेही सुरुवात होते. गणपतीच्या आधी एखाद्या मराठी मंडळात जाऊन ओळख करून घ्या. आरत्या पाठ असलेल्या माणसाचे तिथे फार कौतुक होते.

करांचेही थोडे. मॉरिशसचे आर्थिक वर्ष जुलै ते जून. त्यात 183 दिवस राहिलात की तुम्ही तिथले कर-रहिवासी ठरता. प्रीमियम व्हिसावाल्यांना त्यांनी सोय ठेवली आहे ती अशी की बाहेरून तिथे आणलेल्या उत्पन्नावरच कर लागतो, आणि परदेशी बँकेच्या कार्डाने तिथे केलेला खर्च ‘आणलेले पैसे’ समजला जात नाही.

चिआंग माई, आणि मार्च-एप्रिलचे काय

एकटे असाल, वय तिशीच्या आतबाहेर असेल आणि बजेट बेताचे असेल तर थायलंडच्या उत्तरेचे चिआंग माई. जुने शहर चौकोनी खंदकाच्या आत, पश्चिमेला डोंगर, निम्मान भागात कामाला बसता येईल असे कॅफे पावलोपावली. थायलंडने जुलै 2024 मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ आणला. त्याची मुदत पाच वर्षांची, एका वेळी 180 दिवस राहता येते. खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे साधारण तेरा ते पंधरा लाख रुपये. अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करायचा. ज्यांचा पगार मध्यम पण शिल्लक बरी आहे त्यांना मॉरिशसपेक्षा हे सोपे जाते, कारण इथे भर दरमहाच्या आकड्यापेक्षा शिल्लक रकमेवर आहे.

फोटोंत दिसत नाही ती गोष्ट धुराची. फेब्रुवारी ते एप्रिल त्या भागात शेतातला पालापाचोळा आणि जंगले जळतात, डोंगर दिसेनासे होतात आणि जगातल्या सर्वांत खराब हवेच्या शहरांत चिआंग माईचे नाव येते. दमा असलेल्याने त्या महिन्यांत तिथे राहूच नये. माझी सूचना अशी: ऑक्टोबरअखेर जा, नोव्हेंबरची लोय क्राथोंगची दिव्यांची जत्रा पाहा, थंडी उपभोगा आणि फेब्रुवारीत दक्षिणेकडे समुद्रकाठी सरका किंवा घरी या. वर्षभराचा भाडेकरार एका दमात करू नका. घर घेताना मालकाला विचारा की परदेशी भाडेकरूची नोंद तो इमिग्रेशनकडे करतो का. ती चोवीस तासांत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे आणि पुढच्या प्रत्येक कागदासाठी तिची पावती मागतात. सलग नव्वद दिवस झाले की स्वतःच्या पत्त्याचा अहवाल द्यावा लागतो. शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेले ‘जे’ शोधावे. त्या दुकानात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. इतरत्र ‘भाजी’ म्हणून मागवलेल्या ताटातही माशाचा सॉस असू शकतो.

स्कूटरचेही सांगतो, कारण दवाखान्यात पोहोचणाऱ्यांत स्कूटरवाले फार. निघण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यात दुचाकीचा शिक्का आहे ना ते पाहा. तो नसेल तर विमा कंपनी अपघाताचा दावा नाकारू शकते.

पेनांग, बाली, पोर्तुगाल

मलेशियाच्या पेनांगबद्दल मराठीत फार कमी लिहिले जाते, पण मुलाबाळांसह जाणाऱ्यांसाठी ते चिआंग माईपेक्षा सरस आहे. इंग्रजी सर्रास चालते, तमिळ वस्ती जुनी, त्यामुळे इडली-डोशाची ददात नाही, आणि रुग्णालये इतकी चांगली की शेजारच्या इंडोनेशियातून लोक उपचारांसाठी येतात. तिथला ‘डे रान्ताऊ’ पास तीन ते बारा महिन्यांचा असतो आणि वाढवता येतो. आयटीतल्यांना वर्षाला 24,000 डॉलर उत्पन्नाची अट आहे, इतर व्यवसायांना 60,000 ची. सॉफ्टवेअरवाल्याला परवडेल, अनुवादकाला किंवा चित्रकाराला बहुधा नाही.

बालीला मी खालचा क्रमांक देतो. इंडोनेशियाच्या दूरस्थ कामाच्या व्हिसाला वर्षाला 60,000 डॉलरचे उत्पन्न लागते. एवढे मिळवणाऱ्याला जगात बालीपेक्षा चांगले पर्याय आहेत, आणि बालीतल्या चांगू गावाच्या रस्त्यावर अडकून पडायचेच असेल तर हिंजवडी जवळ आहे.

पोर्तुगालच्या ‘डी 8’ व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावे लागते. 2025 मध्ये किमान वेतन 870 युरो होते, म्हणजे 3,480 युरो. किमान वेतन दर जानेवारीत वाढते, त्यामुळे हा आकडाही वाढतो. यात दोन प्रकार आहेत, एक वर्षभरापर्यंतच्या तात्पुरत्या मुक्कामाचा आणि दुसरा कायम वास्तव्याच्या वाटेवरचा. वर्षच काढायचे असेल तर पहिला घ्या. दुसऱ्यात तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाच्या रांगेत अडकायला होते. लिस्बनमध्ये घरभाडी भडकलेली आहेत. ब्रागा किंवा कोइंब्रासारखे विद्यापीठाचे शहर पाहा, किंवा मदेइरा बेट. तिथल्या पोंता दो सोल या गावाने 2021 मध्ये बाहेरून येऊन काम करणाऱ्यांसाठी खास सोय उभारली. हिवाळ्याचा अंदाज मात्र नीट घ्या. पोर्तुगालमधल्या बऱ्याच घरांत हीटिंग नसते, भिंती ओल धरतात आणि बाहेरपेक्षा घरात जास्त थंडी वाजते. गोव्याशी जुना धागा असल्याने लिस्बनमध्ये गोयंकारांची वस्ती आहे. कोकणी येत असेल तर एकटेपणा थोडा कमी होईल.

तिशीच्या आत असाल तर

लॅपटॉपचे काम नाही, पण परदेशात वर्षभर राहून मिळेल ते काम करायची तयारी आहे, अशांसाठी दोन सोडती आहेत. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ 18 ते 30 वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी आहे. वर्षाला 3,000 जागा, मुक्काम दोन वर्षांपर्यंत, खात्यात 2,530 पौंड सलग 28 दिवस असावे लागतात. सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत, पण ती दोन-तीन दिवसांपुरतीच उघडते. व्हिसा फीखेरीज आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड आगाऊ भरावा लागतो, हे बजेटात धरा. अठराखालची मुले तुमच्याबरोबर राहत असतील तर ही योजना मिळत नाही.

ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा उघडला. वर्षाला हजार जागा, वय 18 ते 30, सोडतीची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. द्राक्षे तोडणे, कॅफेत उभे राहणे, शेतावर राबणे, असले काम मिळते. इंजिनिअरिंगची पदवी भिंतीवर टांगून वर्षभर अंगमेहनत करायला लाज वाटत असेल तर अर्ज करू नका. वाटत नसेल तर इतकी चांगली संधी दुसरी नाही. हजार जागांसाठी नाव घालणारे अफाट असतात, तेव्हा सोडतीवर भिस्त ठेवून नोकरी सोडू नका.

घर आवरताना

सगळ्यांत आधी कंपनीची लेखी परवानगी. टीम लीडने चहाच्या टपरीवर मान डोलावली ती परवानगी नव्हे. दुसऱ्या देशात कर्मचारी बसवल्यास कंपनीवर तिथल्या कराची जबाबदारी येऊ शकते, डेटा देशाबाहेर न नेण्याचे करार आडवे येतात. एचआर आणि कायदा विभाग दोघांचे पत्र हवे.

मग चार्टर्ड अकाउंटंट. भारतात आर्थिक वर्षात 182 दिवस राहिलात तर तुम्ही रहिवासी आणि जगभरच्या उत्पन्नावर इथे कर. त्याहून कमी राहिलात तरी 60 दिवसांचा नियम आहे: त्या वर्षात 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात असाल तरीही रहिवासीच. परदेशी नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला यात सवलत मिळते. भारतीय कंपनीचे जुनेच काम बेटावर बसून करणारा त्या सवलतीत बसतो का, हे तुमची कागदपत्रे पाहूनच ठरेल. तेव्हा तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नव्हे. भारतातून पैसे पाठवणार असाल तर सध्याच्या नियमाने आर्थिक वर्षात दहा लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. अनिवासी ठरलात आणि इथला फ्लॅट भाड्याने दिलात तर भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो. हे त्याला करारातच लिहून द्या.

बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, म्हणून ते सिम बंद पडू देऊ नका आणि रोमिंग निघण्याआधी इथूनच चालू करून घ्या. घराची कामे, सोसायटीची सभा, वीजबिल यांसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे मर्यादित अधिकारांचे कुलमुखत्यारपत्र करा. ‘सर्व अधिकार’ असे लिहिलेला तयार नमुना सही करून देऊ नका. इथल्या मेडिक्लेमचा हप्ता चालू ठेवा. खंड पडला तर प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होतो. तो मेडिक्लेम परदेशात बहुधा चालत नाही, आणि प्रवासविम्याच्या बऱ्याच पॉलिसी 180 दिवसांवर संपतात, तेव्हा वर्षभराचा आरोग्यविमा वेगळा बघा.

हे सगळे वाचून दमला असाल तर पावसाळ्यात गोव्यात तीन महिने राहून पाहा. फोंड्याकडे किंवा दिवाडीसारख्या बेटावर, पर्यटक पांगल्यावर. वीज जाईल, चामड्याला बुरशी येईल, घरमालक पोलिसांत नोंदणीसाठी आधार मागेल. त्या तीन महिन्यांत काम वेळेवर झाले आणि एकमेकांशी बोलणे टिकले तर मॉरिशसचा अर्ज भरायला हरकत नाही.

वर दिलेल्या रकमा आणि अटी देश वेळोवेळी बदलतात. अर्ज भरायच्या आठवड्यात त्या त्या सरकारचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहा, आणि ‘शंभर टक्के व्हिसा’ देणाऱ्या एजंटला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.